जाऊबाईंच्या वाटचं पाणी

पाणी भरायला थांबलो होतो, एवढंच. आमच्या पिंपाला तळाशी चीर गेली होती आणि सुकाणूचा खिळा झिजून खुळखुळत होता, म्हणून वाटेतल्या बेटापाशी नांगर टाकला. दुपारपर्यंत काम उरकू, उतरत्या उन्हात निघू, असं नवरा म्हणाला. त्याच्या असल्या बोलण्यावर मी लग्न झाल्यापासून विश्वास ठेवलेला नाही. पण त्या दिवशी चूक त्याची नव्हती. भांडी विसळून होईपर्यंत धक्क्यावर शिट्टी वाजली. एक माणूस तोंडाशी हात धरून ओरडून सांगायला लागला की लॉकडाऊन लागलाय, सगळं बंद, होडीतून कुणी उतरायचं नाही आणि होडी हलवायचीही नाही. आहात तिथं राहा.

आहोत तिथं म्हणजे कुठं, तर पाण्यावर.

होडी शिडाची, जुनी, आमची स्वतःची. तेच घर. नवरा शिडं शिवतो. मी दोऱ्याला मेण लावून देते, फाटकं उसवून देते, आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडं. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, असं आयुष्य गेलं. त्या खेपेला लेकही बरोबर होती, नऊ महिन्यांची पोर घेऊन. जावई दूर कामावर होता, तो तिकडंच अडकला. पोर इतकी गोल गरगरीत की आम्ही तिला भोपळीच म्हणायचो.

होडीत जागा ती किती. मधे एक खोली, तिथंच स्टोव्ह, तिथंच अंथरूण, ताठ उभं राहिलं की डोकं तुळईला. मागं पडद्याआड बादली. तरण्या लेकीच्या नाकासमोरून रोज ती बादली उचलून न्यायची, तेव्हा एकमेकींकडं बघायचं नाही हे आम्ही न बोलता ठरवलं होतं. आणि पुढं, होडीच्या अगदी नाकात, फळीच्या दारामागं एक बोळ होता. त्यात गुंडाळलेली शिडं, एक अरुंद बाक आणि एक गोल खिडकी. तिथं कुणी झोपत नसे. कधीच पुरतं न वाळलेल्या कापडाचा वास यायचा तिथं, आणि भर दुपारीही अंधार. होडी पुढून मागून दोरांनी बांधलेली असल्यामुळं वळत नव्हती. ती खिडकी सदा धक्क्याकडं तोंड करून असायची.

बेटावर विहीर एकच, तीही उन्हाळ्यात आटत चाललेली. त्यामुळं त्यांनी नियम घातला होता. सकाळी धक्क्याचा रखवालदार शिट्टी वाजवणार, होडीतल्या सगळ्यांनी वर येऊन उभं राहायचं, तो डोकी मोजणार आणि तितक्या माणसांचं पाणी कॅनमध्ये भरून दोराला बांधणार. मग आम्ही दोर ओढायचा. जवळ कुणी कुणाच्या यायचं नाही. आम्ही त्याला शिट्टीवाला म्हणायचो. माणूस सरळ होता. पण अंगावरचं पोर तो मोजणीत धरत नसे. पोर आईच्या वाट्यात, असा त्यांचा नियम.

तीन माणसांच्या पाण्यात चौघांनी भागवायचं. लेकीचं दूध आटायला लागलं. मी आणि नवरा ओठ ओले करण्यापुरतं प्यायचो, तरी पुरेना. भोपळीचे गाल उतरले. ती रडायची तेव्हा आवाज निघायचा, पण डोळ्यांत पाणी नसायचं. नुसतं कोरडं रडणं. ते ऐकलंय कधी? मी ऐकलंय. अडला हरी गाढवाचे पाय धरतो म्हणतात. मी पाय धरले नाहीत, तोंड चालवलं. ते मला जमतं.

एका सकाळी त्यानं तीन बोटं वर केली तशी मी इकडून चार केली. तो कपाळावर हात धरून बघायला लागला. म्हणाला, चौथं कोण?

उचलली जीभ लावली टाळ्याला. "जाऊबाई आहेत आत," मी ओरडले. "माझी थोरली जाऊ."

दोर धरून उभा असलेला नवरा मान वळवून माझ्याकडं बघत राहिला. आईबापाला तो एकुलता एक. ना भाऊ, ना भावजय. त्याच्या घराण्यात मी एकटीच सून, आणि एकच पुरे झाली असं सासूबाई म्हणायच्या.

शिट्टीवाल्यानं विचारलं, मग इतके दिवस का नाही सांगितलंत? मी म्हटलं, अंथरुणाला खिळल्यात हो, आजारी माणूस दाखवायला लाज वाटली. लाज हा शब्द मी तेव्हा असा फुकट वापरला. त्या बिचाऱ्याला ते पटलं. मग म्हणाला, मला बघितल्याशिवाय पाणी देता येत नाही ताई, खिडकीतून नुसता हात दाखवू देत, बस्स.

हात काय, लेकीचाच. ती वर मोजून झालेली होतीच. पोर रडतंय असं दाखवून खाली गेली, अंगात बापाचा लांब बाह्यांचा सदरा चढवला आणि खिडकीतून हात काढून हलवला. त्या खिडकीचा पितळी नट गंजलेला. नवऱ्यानं पकड लावून आधी सैल करून दिला तेव्हा कुठं ती उघडली. धक्क्यावरून शिट्टीवाल्यानंही हात हलवला. चार माणसांचं पाणी आलं.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो, खोटं कशाला सांगू. लेक म्हणाली, "आई, जाऊबाई कामाच्या निघाल्या. बाकीच्या जावा नुसत्या वाटणी मागतात." बऱ्याच दिवसांनी ती हसली होती. रोज सकाळी तोच खेळ. नवरा नट सैल करणार, ती हात दाखवणार, तो पुन्हा आवळून ठेवणार, कारण खिडकीतून लाटेचं पाणी आत यायचं.

मग पाण्याबरोबर पिशव्या यायला लागल्या. 'आजारी बाईंना' म्हणून मऊ धुतलेली चादर. साखरेची पुडी. आल्याचा तुकडा. एकदा शिट्टीवाल्याची बायको स्वतः धक्क्यावर आली आणि तिथून ओरडून म्हणाली, जाऊबाईंना सांगा, घाबरू नका, आम्ही आहोत. बाई अंगानं काडीसारखी होती आणि उन्हात उभी होती. शिट्टीवाला जाता जाता सहज बोलून गेला, विहीर खाली गेलीय, पण घरोघर प्रत्येकानं आपल्यातलं थोडं थोडं काढून ठेवलंय, आजारी माणसाला कमी पडू नये म्हणून.

मी कुणाच्या बापाला भीत नाही. बंदरावरच्या अधिकाऱ्याला मी टोपी काढायला लावलीय. पण त्या दिवसापासून मला धक्क्याकडं मान वर करून बघता येईना. साखर आम्ही खाल्ली. चादर भोपळीला पांघरली. आल्याचा चहा मी आणि नवरा समोरासमोर बसून प्यायलो, आणि तो पेल्यात बघत होता, मी पेल्यात बघत होते. खोटं बोलायची लाज एकदाच वाटते, तोंड धुतल्यावर जाते. खाल्लेल्याची लाज जात नाही. ती पोटात बसते.

खरं सांगून टाकावं असं रोज सकाळी वाटायचं. सांगितलं तर एका माणसाचं पाणी जाणार. भोपळीकडं बघितलं की तोंड मिटायचं.

एक दिवस शिट्टी वाजली आणि नेमकं तेव्हाच भोपळी लेकीच्या अंगावर ओकली. लेक तिथंच वर, डोलकाठीपाशी बसून तिला पुसायला लागली. खाली जायचं राहून गेलं. नवरा सुकाणूपाशी, मी कठड्यापाशी. आम्ही तिघं वर, उन्हात, एकमेकांना दिसत होतो. जाऊबाईंना आत्ताच डोळा लागलाय, आज राहू दे, असं ओरडायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात धक्क्यावर शिट्टीवाल्यानं चार बोटं वर केली. मग आमच्या होडीच्या नाकाकडं बघून हात हलवला. हलवतच राहिला, जसं समोरचं माणूसही थांबत नाहीये.

"आज बऱ्या दिसतात," तो ओरडला. "दोन्ही हात काढलेत."

लेकीनं भोपळीला पुसणं थांबवलं. मी कठड्यावरून वाकून बघितलं. वरून ती खिडकी दिसत नाही, होडीचं पोट आड येतं. पाणी नुसतं चमकत होतं. नवरा खाली गेला, मी त्याच्या मागोमाग. फळीचं दार ढकललं. बोळात कुणी नव्हतं. खिडकी बंद होती. नवऱ्यानं नटाला हात लावून बघितला, पिळून बघितला. हलला नाही. काल त्यानंच पकडीनं आवळला होता.

"ऊन डोळ्यावर असेल त्याच्या," नवरा म्हणाला. मीही म्हटलं, असेल. चौघांचं पाणी आलं होतं. आम्ही ते मेणानं चीर बुजवलेल्या पिंपात ओतलं.

दुसऱ्या दिवशी लेक त्या बोळात जायला तयार होईना. म्हणाली, गरजच नाही. शिट्टी वाजली, आम्ही तिघं वर उभे राहिलो, आणि त्यानं चार बोटं वर केली. तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही एकमेकांशी त्यावर बोललो नाही. बोलायचं काय? की हात कुणाचा ते माहीत नाही, पण पाणी येतंय?

होडीला आवाज असतात. लाट लागली की फळी कुरकुरते, दोर ताणला की आवाज देतो. मी ते झोपेतही ओळखते. हा आवाज नवा होता. दुपारी वारा पडायचा, समुद्र तेलासारखा व्हायचा, भोपळी पेंगायची, आणि त्या फळीमागून कुणीतरी सुका घोट गिळल्यासारखा आवाज यायचा. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा. वास बदलला. आता कापडाचा नव्हता. रिकामं पिंप उन्हात ठेवून झाकण उघडावं, तसा कोरडा वास.

पुढं शिट्टीवाल्यानं सांगितलं, बेटावरच्या दवाखान्यातली नर्स येणार आहे, जाऊबाईंना तपासायला. नको म्हणायची सोय नव्हती. मी लेकीला म्हटलं, तू बाकावर झोप, तोंड भिंतीकडं कर, चादर ओढून घे, मी निभावून नेते. ती मुंडी हलवत होती. मी डोळे वटारले तशी ती खाली गेली. नर्सची छोटी होडी लागली. तोंडाला दुहेरी मास्क, हातमोजे. वयानं माझ्याएवढीच असेल. म्हणाली, मी एकटीच खाली जाते, तुम्ही वर थांबा.

ती शिडी उतरली. फळीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी कठडा घट्ट धरला. डोलकाठीच्या पलीकडं, शिडाच्या सावलीत काहीतरी हललं. बघते तर लेक तिथं बसलेली, भोपळीला छातीशी धरून. छताला असलेल्या पुढच्या झाकणातून वर निघून आली होती.

"मी नाही... आई, मी नाही झोपणार तिथं," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

खाली नर्सचा आवाज चालू होता. काहीतरी विचारायची. मग थांबायची, एखाद्याला उत्तर द्यायला लागेल तेवढं. मग, हो का, बरं, म्हणायची. मग पुन्हा विचारायची. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. नवऱ्यालाही नाही. आम्ही तिघं वर उन्हात उभे, आणि खाली दोन माणसांचं बोलणं चाललेलं.

ती वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मास्कवरून नुसते डोळे दिसतात, पण त्यातला माझ्यावरचा राग मला दिसला.

"ताप नाही," ती म्हणाली. "छाती साफ आहे. पण जीभ लाकडासारखी झालीय. ताई, तुम्ही त्यांना पाणी देता का?"

मी म्हटलं, देतो की.

"त्या म्हणाल्या, मला नाही देत." तिनं आवाज खाली आणला. "तक्रार नव्हती हो त्यांची. मीच खोदून विचारलं. म्हणाल्या, माझ्या नावाचं येतं, पण पोरगं आहे ना घरात. मी मागत नाही... तुमच्याच माणसाला, ताई?"

मला भीती वाटायला पाहिजे होती. ती नंतर वाटली. आधी लाज वाटली, कानापर्यंत, भर चौकात चोरी पकडल्यासारखी. जी नाहीच तिच्या तोंडचं पाणी मी काढून घेतलं होतं, आणि ते त्या परक्या बाईला कळलं होतं. नर्स गेली. नवऱ्यानं स्टीलचा पेला पिंपात बुडवून भरला, बोळातल्या बाकावर नेऊन ठेवला आणि दार लावलं. संध्याकाळच्या आत बघितलं तर पेला कोरडा ठणठणीत.

मग रोज पेला, कोरडा झाला की पुन्हा भरायचा. त्याच्यापायी आम्ही पुन्हा तीन माणसांच्या पाण्यावर आलो. खोटं बोलून जे मिळवलं होतं ते खोट्यालाच भरायला लागत होतं. भोपळी आताशा रडतही नव्हती. दुपारी निपचित पडून फळीच्या दाराकडं बघत राहायची. मला वाटलं, पोरीतला जीव चालला. माझं डोकं फिरलं. मी बोळाच्या दारात उभी राहिले आणि भांडले. हो, भांडले. म्हटलं, तू कोण गं? तुला मी तोंडानं जन्माला घातली, आणि तू माझ्या नातीच्या वाटचं पितेस? आजपासून थेंब मिळायचा नाही. आणि बाकावरचा भरलेला पेला उचलून आणला.

मागनं लेक म्हणाली, नको गं आई. मी ऐकलं नाही. त्या पेल्यातलं पाणी चमच्यानं भोपळीला पाजायला बसले. तिनं ओठ मिटले. चमचा सारला तर पाणी थुंकून टाकलं. लेकीनं करून बघितलं, नवऱ्यानं बोट बुडवून बघितलं. ती तोंड फिरवायची आणि बोळाकडं बघायची. दोन दिवस तिनं आमच्या कुणाच्या हातचं घेतलं नाही, आईच्या अंगावरही ती प्यायली नाही. टाळू खोल गेली. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. फळीमागचा तो गिळण्याचा आवाजही बंद झाला होता. होडीत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी मी नियम मोडला. मागं बांधलेली आमची लहान होडी सोडली, वल्ही मारत धक्क्याला गेले आणि पायऱ्यांवर उभी राहिले. शिट्टीवाला शिट्टी फुंकत आला, मागं त्याची बायको. मी म्हटलं, लांबच थांबा, पण ऐका. जाऊबाई म्हणून कुणी नाही. कधीच नव्हती. मी पाण्यासाठी खोटं बोलले. मला काय शिक्षा करायची ती करा, पण माझी नात मरतेय, तिला माणसात धरा.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासमोर अशी मान खाली घातली होती. वाटलं, आता सुटले.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग शिट्टीवाला म्हणाला, "नर्सबाईंनी सांगितलंय आम्हाला सगळं, ताई. पाणी देत नव्हतात त्यांना. आणि आता... माणूसच नाही म्हणता?"

मी म्हटलं, देवाशपथ सांगते.

"रोज बघतो मी त्यांना," तो म्हणाला. "आत्तासुद्धा बघतोय."

तो माझ्या डोक्यावरून होडीकडं बघत होता. त्याची बायकोही बघत होती, आणि तिनं हात अर्धा उचलून हलवला, आजाऱ्याला हलवतो तसा, बळं हसून. मी वळून बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. ती काडीसारखी बाई मला म्हणाली, जाऊ आहे म्हणून, सख्खी बहीण असती तर असं म्हणवलं असतं का तुम्हाला? मग तिनं आपल्या घरातली कळशी आणली, पायरीवर ठेवली आणि मागं सरकली. म्हणाली, न्या. पण आधी त्यांना द्या.

खरं बोलून कुणाची एवढी शोभा झाली असेल असं मला वाटत नाही. वल्ही मारताना मी तोंड धक्क्याकडं ठेवलं होतं आणि होडीकडं पाठ. ते दोघं तिथं उभे राहून माझ्या मागं कुणाला तरी हात करत होते.

होडीवर आले. कळशीतला पहिला पेला भरला आणि बोळात ठेवला. हातात द्यावा असं माझ्या मनात आलं नाही. अंधारात खाली फळ्यांवर, मांजराला ठेवतात तसा ठेवला आणि दाराला बाहेरून कडी घातली. भोपळी मधल्या खोलीत चादरीवर पडली होती. लेक आणि नवरा वर होते. मी कळशी पिंपात ओतायला वर गेले, तेवढाच वेळ. लेकीला घेऊन खाली आले तर चादर मोकळी.

लेक किंचाळली नाही. तिनं नुसतं त्या दाराकडं बोट केलं. कडी तशीच होती, मी घातलेली. मी ती काढली. आत, शिडांच्या गुंडाळीला टेकून, भोपळी बसली होती. हनुवटीवरून पाणी गळत होतं, अंगातलं झबलं छातीपर्यंत ओलं. तिनं एक मोठा ढेकर दिला. मला बघून रडायला लागली, आणि त्या रडण्यात डोळ्यांतून पाणी आलं. टपोरं. पेला शेजारी पडला होता, रिकामा.

मी त्या बोळात पालथी पडून रडले. त्या आतल्या बाईनं एक थेंबही स्वतःला घेतला नव्हता. आधीचे पेलेही भोपळीच्याच पोटात गेले होते, हेही मला तेव्हा समजलं.

नवरा दारात उभा होता. म्हणाला, "जरा बाजूला सरक. तिला वारा लागू दे." कुणाला, ते मी विचारलं नाही.

मग बंदी उठेपर्यंत आम्ही दिवसातून चारदा पेला भरला. आत ठेवायचा, भोपळीला शेजारी बसवायचं, दार लावायचं आणि वर जाऊन बसायचं. दार उघडं ठेवलं तर पेला भरलेलाच राहायचा आणि भोपळी तहानलेली. लेक कठड्याला टेकून बसायची. आई ती, पण तिला खाली थांबता येत नव्हतं. एकदा हळूच म्हणाली, "तिचे हात कसे असतील गं... गार?" भोपळीचे गाल भरले. निघायच्या दिवशी शिट्टीवाल्यानं शेवटचं मोजलं, चार बोटं वर केली, आणि म्हणाला, जपून न्या त्यांना. मी हो म्हटलं.

आता आम्ही जमिनीवर राहतो. होडी विकली. दोन खोल्या आहेत, नळाला चोवीस तास पाणी. जावई अजून बाहेरगावीच कामाला असतो. भोपळी शाळेत जायला लागलीय. जेवते आमच्यासोबत, भांडते माझ्यासारखी, पण पाणी आमच्या हातचं पीत नाही. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते. घरी आली की पेला भरून आतल्या खोलीत ठेवायचा. ती आत जाते, दार लावून घेते. आम्ही तिघं बाहेर बसतो, मी भाजी निवडत, नवरा शिवत, लेक मोबाइल उगाच हातात धरून. कुणी कुणाकडं बघत नाही. डॉक्टरला काय सांगायचं? शेजारणीला काय सांगायचं? पोर हसतखेळत बाहेर येते, तोंड पुसत.

परवा ती बाहेर आली तेव्हा पेला रिकामा होता आणि तिचे ओठ कोरडे होते. मी विचारलं, प्यायली नाहीस का गं?

"आज तिला दिलं," ती म्हणाली. "तिनं मागितलं."

सुई थांबली. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तिनं काही मागितल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. लेक पेला घ्यायला उठली, पण भोपळीनं तो तिला दिला नाही. माझ्यापुढं धरला.

"आता तू आण म्हणाली. हातात दे, खाली नको ठेवूस."

मी नळाशी गेले. काठोकाठ भरला. आतल्या खोलीत उन्हाची तिरीप होती, गादी होती, भोपळीची पुस्तकं होती, दुसरं काही नव्हतं. मी पेला दोन्ही हातांनी पुढं धरला आणि मान खाली घालून, डोळे मिटून उभी राहिले.  शेवटी म्हटलं, घ्या जाऊबाई.

कुणी घेतला नाही. हात भरून आले तशी मी डोळे उघडले आणि बाहेर आले. लेक माझ्या तोंडाकडं बघत उठून उभी राहिली. तेव्हा मला कळलं की माझ्या हनुवटीवरून पाणी गळतंय, गळ्यापर्यंत ओघळ आलाय आणि पदर ओला झालाय. हातातला पेला रिकामा होता. मी एक घोटही घेतला नव्हता.